नव्या घराची उंचसखल जमीन



माझा विषय मी कळवला तेव्हा आपल्या चिटणीसांनी फोनवर दोनदा विचारून खात्री करून घेतली. त्यांचा दोष नाही. न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने १८७५ साली पुण्यात वसंतातल्या व्याख्यानांना आरंभ झाला, तेव्हापासून अशा व्यासपीठावर इतिहास, अर्थकारण, तत्त्वज्ञान असे भारदस्त विषय येत आले. मी आलो आहे लादी घेऊन. माझे शाळेतले शिक्षण सातवीपाशी संपले. पुढचे जे काही झाले ते वाचनालयात आणि मोर्चात झाले. बांधकाम मजुरांची संघटना बांधण्यात माझी तिशीपासूनची वर्षे गेली. त्याआधी, १९८६ च्या सुमारास, सोळाव्या वर्षी मी मोझॅक लादी घासणाऱ्या मशीनवर बिगारी होतो. तेव्हा या विषयात मी पायापासून आहे, असे म्हणायला हरकत नाही.

आपल्या या गावाला घराचे मोल समजावून सांगायला नको. दुसऱ्या महायुद्धात इथे लष्कराची छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून उखडलेली माणसे तिच्या बराकींत आली. एकेका बराकीत कितीतरी बिऱ्हाडे, मध्ये गोणपाटाचे नाहीतर पत्र्याचे आडोसे. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर-जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसली आणि छावणीचे उल्हासनगर झाले. पण कॅम्प हा शब्द काही गेला नाही. आपण आजही 'कॅम्प नंबर तीनला राहतो' असेच सांगतो. अशा गावातला माणूस पै-पै साठवून नवीन घर घेतो, सत्यनारायण घालतो, आणि दुसऱ्या दिवशी पाहतो तो काय, कॉटचा एक पाय अधांतरी! पोराची गोटी भिंतीपाशी ठेवली की घरंगळत खोलीच्या मध्यावर जाऊन थांबते. न्हाणीतले पाणी जाळीकडे जायचे सोडून बाहेरच्या खोलीत येते. मग कॉटखाली पुठ्ठ्याची घडी जाते, दारासमोर पायपुसणे पडते, आणि 'असायचेच' म्हणून माणूस गप्प बसतो.

प्रथम एक गोष्ट सांगतो. जमीन उंचसखल असणे हा प्रत्येक वेळी दोष नसतो. आपल्या शेजारी अंबरनाथचे शिवमंदिर शके ९८२ चे, म्हणजे इसवी सन १०६० चे आहे. तिथे मंडपातून गाभाऱ्यात जायला पायऱ्या उतराव्या लागतात. कारागिराने ते जाणून केले. घरातही न्हाणीला, गॅलरीला, मोरीला ढाळ हवाच. फुटाला पाव इंच दिला तर पाणी थांबत नाही. दोष कुठे? तर जिथे ढाळ हवा तिथे नाही आणि जिथे नको तिथे आहे. पहिली परीक्षा म्हणून न्हाणीत एक बादली ओता आणि पाणी कुठे जाते ते नुसते पाहत उभे राहा. घराचा ताबा घेताना लोक दारांच्या कड्या वाजवून पाहतात, नळ सोडून पाहतात. ही बादली मात्र कोणी ओतत नाही.

आता लादी वर-खाली का होते ते सांगतो. माझ्या बिगारीच्या दिवसांत मोझॅक लादी बसवून झाली की तिच्यावर आम्ही मशीन फिरवीत असू. पाणी टाकायचे आणि दगडाने घासायचे. आधी भरड दगड, मग बारीक. लादीची एखादी कड जरा वर राहिली असेल तर ती त्या घासाईत निघून जाई. मिस्त्रीची चूक मशीन पोटात घाली. आज आपण घेतो ती चकचकीत व्हिट्रिफाइड लादी कारखान्यातूनच पुरी होऊन येते. तिच्यावर मशीन चालत नाही. चालवले तर चकाकी जाते. म्हणजे जी काही सपाटी साधायची ती लादीखालच्या मालात, आणि लादी पडण्यापूर्वी. त्यातून लादी झाली मोठी, दोन फूट बाय दोन, दोन बाय चार. भट्टीतून निघताना मोठी लादी मध्ये किंचित फुगते. हौस म्हणून विटेसारखी अर्धी सरकवून बसवली, तर एकीचे फुगलेले पोट दुसरीच्या कडेला येते आणि अंगठ्याला ठेच लागते. अर्ध्याऐवजी तिसरा हिस्सा सरकवली तर ही खोड पुष्कळ कमी होते. हे दुकानदार सांगत नाही. त्याला लादी विकायची असते.

याखालचे कारण स्लॅबचे. स्लॅब ओततात तेव्हा खाली फळ्या आणि टेकू असतात. एखादा टेकू मऊ जमिनीत रुतला की स्लॅब तिथेच पोट सोडून घट्ट होतो. ही चूक एका दिवसाची असते. दिसायला वाईट, पण पुढे वाढत नाही. दुसरी चूक अधिक वाईट. आपल्या देशाची काँक्रीटची संहिता, आय. एस. ४५६, सांगते की साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबचे टेकू निदान ७ दिवस आणि त्याहून मोठ्या गाळ्याचे १४ दिवस काढू नयेत. पण टेकू भाड्याचे असतात आणि भाडे दिवसावर चढते. मग चौथ्या-पाचव्या दिवशीच ते निघतात आणि वरच्या मजल्याला लागतात. कोवळा स्लॅब वाकतो तो वाकतोच. तळमजल्याला स्लॅब नसतो, तिथे जोत्यातला भराव असतो. सहा-सहा इंचांचे थर टाकून, पाणी मारून, धुम्मसाने ठोकायचा तो भराव गाडीतून एकदम उपसला जातो, आणि पहिल्या-दुसऱ्या पावसाळ्यात लादीसकट खाली बसतो. आपल्याकडे तर रस्ते दर काही वर्षांनी थराने वर येतात आणि घरे खड्ड्यात जातात. २६ जुलै २००५ च्या पुराने घरात पाणी शिरले, तेव्हापासून घराची जमीन वर घ्यायची घाई अनेकांना झाली. त्यासाठी जवळच्या पाडकामाचा राडारोडा भरला, वर चकचकीत लादी बसवली. राडारोड्यात विटांच्या मधली पोकळी तशीच राहते. ती एक दिवस लादीला आत ओढून घेते.

इथवर झाले शास्त्र. आता माझ्या घरातली गोष्ट सांगतो, कारण तिने मला जे शिकवले ते मला पुस्तकात सापडले नव्हते.

माझ्या धाकट्या बहिणीने बदलापुरात नवीन घर घेतले. दाजी कारखान्यात फिटर. मापात अर्ध्या सुताचा फरक त्यांना चालत नाही. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, हे गवंडी आणि सुतार मंडळींना सांगायला नको. ताबा मिळाल्याच्या आठवड्यात बहिणीचा फोन आला, "दादा, तुमच्या मजुरांनी माझ्या हॉलची परात केली आहे. येऊन बघून जा." तुमच्या मजुरांनी! तो शब्द मला बोचला. मी गेलो.

जाताना पाण्याची नळी घेऊन गेलो. पारदर्शक नळी, आत पाणी, बुडबुडा राहू द्यायचा नाही. पाणी दोन्ही टोकांना एकाच पातळीवर उभे राहते. त्याला ना ठेकेदाराचा धाक, ना मालकाचा. एका भिंतीवर जमिनीपासून तीन फुटांवर खूण केली, नळीने ती चारही भिंतींवर नेली, खुणा दोरीने जोडल्या आणि दर दोन फुटांवर दोरीपासून लादीपर्यंत माप घेतले. कडेला छत्तीस इंच, तर मध्यावर छत्तीस इंच आणि सात सूत. जवळजवळ इंचाची परात. मग नाणे घेऊन लादी-लादीवर वाजवले. भरीव लादी टणक बोलते. जिच्याखाली माल पोचला नाही ती बद्द बोलते. मधल्या अकरा लाद्या बद्द बोलल्या.

दाजींचा पारा चढला. ते म्हणाले, "त्या मिस्त्रीला उभा करा माझ्यासमोर. त्याचे उरलेले पैसे बिल्डरने देताच कामा नयेत." मी नाव विचारले. मिस्त्री आमच्याच संघटनेचा निघाला, माझ्यापेक्षा वयाने मोठा, हाताचा चांगला. माझी पंचाईत आपल्या ध्यानात आली असेल. एका बाजूला बहीण, दुसऱ्या बाजूला सभासद.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाक्यावर मी त्यांना गाठले. म्हटले, "मिस्त्री, तो हॉल तुम्ही केलात?" त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. "भाऊ, मीच केला. स्लॅबला पोट होते, ते पट्टी लावताच दिसले. ठेकेदाराला सांगितले, मध्ये इंचभर जास्त माल लागेल, एक दिवस जास्त लागेल. तो म्हणाला, माल मोजून दिला आहे, आहे त्यात बसव. मी फुटाच्या भावावर. खोली अडवून बसलो असतो तर त्या दिवसाची चूल कोणी पेटवली असती?" आणि थांबून म्हणाले, "शिवाय नव्वद दिवसांचा दाखला त्याच्याच हातात."

हा दाखला काय आहे ते सांगतो. १९९६ साली बांधकाम मजुरांसाठी कायदा झाला. नोंदणी झाली तर मुलांच्या शिक्षणाला, आजारपणाला काही मदत मिळण्याची सोय झाली. पण नोंदणीला मागच्या बारा महिन्यांत ९० दिवस काम केल्याचा पुरावा हवा, आणि तो पुष्कळदा देणार कोण? ज्याच्या कामातला दोष मजुराने दाखवायचा, तोच. मग मजूर दोष पाहतो आणि त्याच्यावर लादी ठेवतो.

घरी परत येताना माझ्या मनात मिस्त्रीपेक्षा स्वतःविषयी अधिक विचार होते. फुटाचा भाव वाढवून घेण्यासाठी आमच्या संघटनेने बैठका घेतल्या, काम बंद ठेवले, भाव वाढवून घेतलाही, आणि त्याचा विजय म्हणून पेढे वाटले. पण लादी टाकण्यापूर्वी नळी लावायला, दोरी बांधायला, खुणेचे ठिय्ये घालायला जो वेळ लागतो, त्याचे पैसे आम्ही कधी मागितले नाहीत. फुटाच्या भावात पहिली लादी पडेपर्यंतचा सारा वेळ फुकट असतो. फुकट वेळ गरीब माणूस देणार तरी किती? आम्ही भाव मागितला, वेळ मागायचे विसरलो. बहिणीच्या हॉलमधल्या सात सुतांपैकी दोन-तीन सूत माझ्या खात्यावर मांडायला माझी हरकत नाही.

बिल्डरकडे गेलो तेव्हा तो गोड बोलला. म्हणाला, "काढायची कशाला? वरून दीड-दोन इंच माल भरून दुसरी लादी टाकून देतो, आरशासारखी करतो." दाजी तयार झाले. मी मात्र नको म्हटले, आणि हा मुद्दा आपण घरी घेऊन जावा अशी माझी विनंती आहे.

हिशेब करा. एक इंच जाडीचा वाळू-सिमेंटचा माल चौरस फुटाला सुमारे ५ किलो भरतो. दहा बाय बाराच्या खोलीत एक इंच माल म्हणजे ६०० किलो. सिमेंटच्या बारा गोण्या खोलीत कायमच्या मांडून ठेवल्यासारखे. दोन इंच भरला आणि वर नवी लादी टाकली की चौरस फुटाला १२ किलो झाले. राहत्या घराचा स्लॅब माणसे, कपाटे, कॉट यांच्यासाठी चौरस फुटाला सुमारे १८ ते १९ किलो भार धरून आखतात. लादीचा भार निराळा धरलेला असतो, पण तो मूळच्या एका लादीचा. म्हणजे माणसांसाठी राखलेल्या भारातला दोन-तृतीयांश भाग दुसऱ्या लादीनेच खाल्ला. नव्या, चांगल्या बांधलेल्या इमारतीत कदाचित काही होणार नाही. पण ज्या स्लॅबला आधीच पोट आहे, त्याच्या पोटावरच आपण हे ओझे ठेवणार!

उल्हासनगरात हे बोलताना मला जपून बोलावे लागते, कारण सभेत अशी कुटुंबे बसलेली असू शकतील. २८ मे २०२१ च्या रात्री कॅम्प दोनमध्ये नेहरू चौकाजवळ साई शक्ती इमारतीचा वरचा स्लॅब मजल्यामागून मजले घेत खाली आला आणि सात माणसे गेली. २२ सप्टेंबर २०२२ ला कॅम्प पाचमध्ये मानस टॉवरला तसेच झाले. चार माणसे गेली. आणि २० मे २०२५ ला आपल्या शेजारी कल्याण पूर्वेला सप्तशृंगी इमारतीत चौथ्या मजल्याचा स्लॅब कोसळला, सहा माणसे गेली, त्यात एक लहान मूलही होते. त्या चौथ्या मजल्यावरच्या घरात त्या दिवशी फरशीचे काम चालू होते. या सगळ्या जुन्या इमारती. कारणे एकापेक्षा अधिक असतात: वाळू, गंजलेली सळई, गळती, वर्षानुवर्षांची हयगय. पण आपल्यापैकी पुष्कळांचे 'नवे घर' म्हणजे जुन्या इमारतीतली विकत घेतलेली खोलीच असते, आणि तिथे गेल्यावर पहिले काम आपण लादीचेच काढतो. घण घालून जुनी फोडतो, नाहीतर जुनीवर नवी चढवतो. एक धक्का देते, दुसरी वजन देते. अशा घरात थापी लागण्यापूर्वी स्ट्रक्चरल इंजिनियरने खालच्या घरात जाऊन छत पाहिलेच पाहिजे. तिथे तडा असेल, सळईचा तांबूस डाग असेल, पापुद्रे सुटत असतील, तर लादीचा विषय बंद. शेजाऱ्याचे छत तीच आपली जमीन असते. पण आपण आपली बाजू पुसतो आणि तो त्याची रंगवतो.

बहिणीच्या घरीही इंजिनियरला नेले. खालच्या घराचे छत त्यांनी टॉर्च लावून पाहिले, दोरी ताणून मोजले. तडा नव्हता. ओतताना टेकू रुतला असावा, पुढे वाढण्यासारखे काही नाही, असे त्यांनी लिहून दिले. मग बिल्डरला पत्र गेले. स्थावर संपदेचा कायदा, ज्याला आपण 'रेरा' म्हणतो, तो २०१६ चा. त्याचे कलम १४, पोटकलम ३ आपण ध्यानात ठेवावे: ताब्यापासून ५ वर्षांच्या आत बांधणीतला, कारागिरीतला किंवा दर्जातला दोष कळवला तर बिल्डरने तो ३० दिवसांत, जादा पैसे न घेता दुरुस्त करून द्यायचा, नाही दिला तर भरपाई मागता येते. पत्र लेखी हवे, तारखेचे हवे, आणि मापांचा कागद सोबत हवा. 'जमीन वाकडी आहे' या वाक्याला उत्तर देणे सोपे असते. 'मध्यबिंदूवर सात सूत खोल, अकरा लाद्या पोकळ' याला उत्तर देणे कठीण जाते. पहिल्या पत्राला उत्तर आले नाही. दुसऱ्या पत्रानंतर माणसे आली.

मिस्त्री तेच हवेत असा आग्रह मी धरला. फुटावर नव्हे, रोजावर. दाजींनी तोंड फिरवले, पण ऐकले. पहिल्या दिवशी एकही लादी पडली नाही. बद्द बोलणाऱ्या लाद्या आणि त्यांच्या भोवतालच्या काही सुट्या केल्या, खालचा कोरडा माल उकरून काढला, स्लॅब झाडून धुतला, दोऱ्या बांधल्या. संध्याकाळी दाजी मला बाजूला घेऊन म्हणाले, "दिवसभर नुसती दोरीच बांधत होते हो." मी म्हटले, "दाजी, तुमच्या लेथवर तुम्ही काम लावायला किती वेळ घेता?" ते काही बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनीच एक तोड काढली. सातही सूत भरून काढायचे नाहीत. मध्ये चार सूत उचलायचे आणि उरलेले तीन सूत भिंतीपर्यंतच्या सहा फुटांत पसरू द्यायचे. पाणसळीला ते दिसेल, पायाला लागणार नाही, आणि स्लॅबवर वजनही फार चढणार नाही. इंजिनियरनी मान डोलावली. फिटर दाजींना तीन सूत पचवायला जड गेले; अजूनही पाहुणे आले की ते पट्टी काढून दाखवतात. कॉट मात्र डुगडुगत नाही.

त्यानंतर आमच्या संघटनेने भावाच्या मागणीपत्रात एक कलम घातले: लादीचे काम सुरू होण्यापूर्वी प्रत्येक घरामागे अर्धा रोज पातळी घेण्याचा, वेगळा; आणि स्लॅबमध्ये दोष दिसला तर मिस्त्रीने तो लिहून द्यायचा व ठेकेदाराने सही करायची. अजून दोनच ठेकेदारांनी ते मान्य केले आहे. बाकीचे हसतात. आपण घर घेणारी मंडळी जर बिल्डरला विचारू लागलात की तो सहीचा कागद कुठे आहे, तर त्यांचे हसणे कमी होईल असे मला वाटते. ही मागणी मजुरांची आहे तशी तुमचीही आहे, म्हणून मी ती इथे आणली.

माझी पाण्याची नळी मी आज बरोबर आणली आहे, चांगली पंधरा मीटरची आहे. ज्यांना घरी न्यायची असेल त्यांनी कार्यक्रमानंतर मला भेटावे, नाव वहीत लिहावे आणि आठ दिवसांत परत आणून द्यावी. मागच्या दोन नळ्या परत आलेल्या नाहीत.